प्रांतिक नामांकन कार्यक्रम (कॅनडा)

कॅनडात कायमच्या वास्तव्याचा हक्क, म्हणजे बोलीभाषेतला 'पीआर', मिळवण्याचा एक मार्ग. अर्जदाराची निवड आधी एखादा प्रांत आपल्या गरजेनुसार करतो आणि त्याचे नाव संघ सरकारकडे पाठवतो. पीआर द्यायचा की नाही हे मात्र संघ सरकारच ठरवते. इच्छुकांमध्ये हा कार्यक्रम 'पीएनपी' या नावाने ओळखला जातो. क्वेबेक सोडून बाकीचे नऊ प्रांत आणि युकॉन व नॉर्थवेस्ट टेरिटरीज हे दोन प्रदेश त्यात आहेत. क्वेबेकची निवडपद्धत १९९१ च्या स्वतंत्र करारानुसार चालते, तर नुनावुत या तिसऱ्या प्रदेशाने असा कार्यक्रम सुरूच केलेला नाही.

१८६७ च्या कॅनडाच्या घटनेतील ९५ व्या कलमाने शेती आणि स्थलांतर हे दोन विषय एकत्रच संघ व प्रांत या दोघांकडे सोपवले. दोघांच्या कायद्यांत विरोध आला तर संघाचा कायदा वरचढ ठरतो. पुढे विसाव्या शतकाचा बहुतेक काळ हे अधिकार प्रांतांनी फारसे वापरले नाहीत. १९९० च्या दशकात बाहेरून येणारे बहुसंख्य लोक टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकूव्हर या तीन महानगरांतच उतरू लागले, तेव्हा इतर प्रांतांची तक्रार वाढली. मॅनिटोबाने १९९६ मध्ये संघ सरकारशी करार केला आणि १९९८ मध्ये पहिला कार्यक्रम सुरू केला. त्याआधीच्या प्रयोगात मॅनिटोबाची राजधानी विनिपेग इथल्या कपड्यांच्या कारखान्यांसाठी शिलाई मशीन चालवणारे कामगार आणले गेले होते. पदव्यांवर भर देणाऱ्या तेव्हाच्या संघीय गुणपद्धतीत असे कामगार बसत नसत. विंकलरसारख्या छोट्या गावात जर्मन बोलणारी मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबे मोठ्या संख्येने आली तीही याच वाटेने. थंडी कडाक्याची आणि महानगराचे आकर्षण नाही, अशा ठिकाणी माणसे टिकवायची तर नातेवाईक किंवा समाजबांधव आधीपासून तिथे असणे पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडते, हे मॅनिटोबाने लवकर ओळखले. तिथे राहणाऱ्या आप्तस्वकीयांना आजही निवडीत महत्त्व आहे.

प्रत्येक प्रांतात निवडीचे अनेक प्रवाह, म्हणजे वेगवेगळ्या अटींचे उपमार्ग, असतात आणि त्यांचे नियम वारंवार बदलतात. कुठे स्थानिक मालकाचे नोकरीचे पत्र लागते, कुठे त्याच प्रांतातील शिक्षण चालते, कुठे परिचारिका, ट्रकचालक किंवा सुतार यांना प्राधान्य मिळते. नामांकनाचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिला 'एक्सप्रेस एंट्री' या संघीय यादीशी जोडलेला आहे. २०१५ पासून चालू असलेल्या या यादीत वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांवर १२०० पैकी गुण मिळतात. प्रांताच्या नामांकनाचे एकट्याचे ६०० गुण असल्याने जास्त गुणवाल्यांना बोलावणाऱ्या फेरीत अर्जाचे बोलावणे येणे जवळपास नक्की होते. ते आल्यावर ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरावा लागतो. दुसऱ्या प्रकारात नामांकन यादीबाहेरचे असते आणि अर्ज थेट संघ सरकारकडे जातो. या रांगेत बराच जास्त वेळ जातो, पण कमी गुणांच्या माणसाला ती खुली असते.

नामांकन मिळाले की पेढे वाटण्याची घाई होते. प्रत्यक्षात निम्मेच काम झालेले असते. वैद्यकीय तपासणी, गुन्हेगारी नोंदी आणि सुरक्षा ही संघाची तपासणी पुढेच असते. अर्जदार आर्थिकदृष्ट्या स्थिरावेल असे संघीय अधिकाऱ्याला वाटले नाही, तर नामांकन असूनही तो नकार देऊ शकतो. त्यासाठी त्याला प्रांताशी विचारविनिमय करावा लागतो आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते.

नामांकन देणाऱ्या प्रांतात राहण्याचा हेतू असणे ही नियमातली अट आहे आणि या कार्यक्रमाची खरी अडचण तिच्यातच आहे. कारण एकदा पीआर मिळाला की कॅनडाच्या घटनेतील हक्कांच्या सनदेचे ६ वे कलम कुठल्याही प्रांतात जाऊन राहण्याची व कमावण्याची मुभा देते. अर्ज चालू असताना हेतू प्रामाणिक हवा. मन नंतर बदलले तर तो गुन्हा नाही. मात्र दुसऱ्या प्रांतात घर आणि नोकरी आधीच ठरवून नामांकन घेतल्याचे उघड झाले, तर ती दिशाभूल ठरू शकते. ऑन्टॅरियो, ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टा यांना माणसे टिकवणे सोपे जाते. अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांतून, विशेषतः प्रिन्स एडवर्ड आयलंडमधून, बरेच जण निघून जातात. या बेटाने व्यावसायिकांकडून अनामत घेऊन, व्यवसाय उभा राहण्याआधीच पीआरची वाट मोकळी करणारा प्रवाह चालवला होता. अनेकांनी अनामत सोडली आणि बेटही सोडले. टीकेनंतर २०१८ मध्ये तो बंद झाला.

प्रांतांनी किती नावे पाठवायची हे दरवर्षी संघ सरकार ठरवते आणि इच्छुकांचे नशीब बरेचसे या आकड्यावर फिरते. २०२४ साठी या वर्गात १,१०,००० जणांचे लक्ष्य होते. २०२५ साठी ते थेट ५५,००० वर आणले गेले. घरांची टंचाई आणि तात्पुरत्या रहिवाशांची फुगलेली संख्या ही त्यामागची कारणे. याच काळात प्रांतांचा कल आधीपासून कॅनडात असलेल्या कामगारांकडे वळला, त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात बसून अर्ज करणाऱ्याची संधी आक्रसली. पुढे २०२६ साठी लक्ष्य पुन्हा ९०,००० च्या वर नेण्यात आले.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्याला भाषा-परीक्षेचा निकाल, पदवीचे मूल्यमापन (ती कॅनडातील कोणत्या शिक्षणाच्या तोडीची आहे याचा दाखला), अनुभवाची पत्रे, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट व पैशांचे पुरावे जमवावे लागतात. मूल्यमापनासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांची अधिकृत प्रत काढणे हे बहुधा सर्वांत वेळखाऊ काम. नावांचा घोळ ही खास आपल्याकडची कटकट: लग्नाआधीच्या नावाने पदवी, सासरच्या नावाने पासपोर्ट आणि मधल्या जागी आधी वडिलांचे, मग नवऱ्याचे नाव. एकच व्यक्ती आहे हे दाखवण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

शुल्क घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातील वकील व परवानाधारक सल्लागार अशा मोजक्यांनाच आहे. सल्लागारांवर २०२१ पासून एका वैधानिक संस्थेचे नियंत्रण असून परवाना क्रमांक तिच्या यादीत तपासता येतो. पैसे मोजून मिळवलेले नोकरीचे पत्र हा या कार्यक्रमातला जुना गैरप्रकार आहे. अर्जात खोटी माहिती आढळल्यास अर्जदारावर पाच वर्षांची बंदी येते, मग ती माहिती एजंटाने भरलेली असली तरी.