फाइल-परवानग्या (युनिक्स व लिनक्स)

एखादी फाइल वा डिरेक्टरी कोणी वाचावी, कोणी बदलावी आणि कोणी चालवावी हे ठरवणारी, आयनोडमध्ये (फाइलची माहिती साठवणाऱ्या नोंदीत) नोंदलेली व्यवस्था. मालक, गट आणि इतर या तीन वर्गांना वाचन (४), लेखन (२) व अंमल (१) असे प्रत्येकी तीन बिट असतात. त्यानुसार ६४० म्हणजे मालकाला वाचन-लेखन, गटाला केवळ वाचन, इतरांना काहीच नाही. परवानगी ‘सीएचमॉड’ या आज्ञेने, तर मालकी ‘सीएचओन’ या आज्ञेने बदलतात.

इतिहास : नऊ बिटांची ही मांडणी युनिक्समध्ये आरंभापासून नव्हती. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत मालक आणि इतर एवढेच भेद असून अंमलासाठी सर्वांना मिळून एकच बिट आहे. गटाचा उल्लेख नाही. सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम चालवणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारा) मात्र तेव्हाही होता. त्याचे श्रेय युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांचे असून त्यावरील पेटंटचा अर्ज १९७३ मध्ये झाला व ते १९७९ मध्ये मंजूर झाले. रिची व सहनिर्माते केन टॉम्प्सन यांच्या जुलै १९७४ च्या लेखात सेटयूआयडी धरून सात बिटांचे वर्णन आहे, १९७८ च्या सुधारित लेखात दहांचे. यावरून गटाची भर १९७४ नंतर पडली असा निष्कर्ष काढता येईल. परंतु पहिला लेख मुळात ऑक्टोबर १९७३ च्या परिषदेत सादर झाला होता, आणि प्रणाली झपाट्याने बदलत असताना छापील मजकूर मागे पडणे स्वाभाविक होते. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत गटाचे बिट आढळत असल्याने १९७३ ते १९७५ हा काळ अधिक ग्राह्य वाटतो. युनिक्सपूर्वीच्या मल्टिक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलला स्वतंत्र प्रवेशसूची (कोणाला कोणता अधिकार याची यादी) असे. तुलनेने युनिक्सची पद्धत फार आटोपशीर होती.

कार्यपद्धती : तिन्ही वर्गांच्या परवानग्यांची बेरीज होत नाही. कर्नेल (प्रणालीचा गाभा) प्रथम मालक, मग गट, मग इतर असा क्रम लावून जो वर्ग आधी जुळेल त्याचेच बिट पाहतो. त्यामुळे ०४४ असलेली फाइल इतरांना वाचता येते, मालकाला नाही. रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) सहसा ही बंधने लागू होत नाहीत.

डिरेक्टरीवर याच बिटांचा अर्थ बदलतो. वाचनाने केवळ नावांची यादी दिसते. आत शिरून फाइल उघडायला अंमलाचा बिट लागतो. लेखन व अंमल एकत्र असतील तर नोंदी निर्माण करता व काढता येतात. म्हणजे फाइल पुसण्याचा अधिकार त्या फाइलच्या नव्हे, तिच्या डिरेक्टरीच्या परवानगीवर अवलंबून असतो. हे लक्षात न घेता केवळ फाइल ४४४ करून ती सुरक्षित झाली असे मानणे घातक आहे. सार्वजनिक तात्पुरत्या डिरेक्टरीला म्हणूनच १७७७ देतात. यातील पहिला १ म्हणजे स्टिकी बिट; त्यामुळे रूट सोडल्यास फाइलचा किंवा डिरेक्टरीचा मालकच ती पुसू शकतो. आरंभी हा बिट प्रोग्रॅमचा मजकूर (यंत्रसूचना) स्वॅपमध्ये, म्हणजे स्मृतीला पूरक अशा डिस्कवरील जागेत, टिकवण्यासाठी होता. लिनक्स फाइलींवर त्याची दखल घेत नाही.

एका गटाच्या सामायिक डिरेक्टरीसाठी २७७० योग्य ठरते : यातील पहिल्या २ मुळे, म्हणजे सेटजीआयडी बिटमुळे, नव्या फाइलींना डिरेक्टरीचाच गट मिळतो. त्यासोबत यूमास्क (नव्या फाइलींतून वगळायच्या परवानग्या) ००७ असावा. ०२२ असल्यास नव्या फाइली सामान्यतः ६४४ होतात आणि सहकाऱ्यांना त्यांत लिहिता येत नाही. अशा वेळी सरसकट ७७७ देण्याचा उपाय सर्व्हरवर कटाक्षाने टाळावा.

एकाहून अधिक गटांना वेगवेगळे अधिकार द्यायचे असल्यास प्रवेशसूची (एसीएल) वापरतात. तिचा पॉझिक्स (युनिक्ससदृश प्रणालींचे प्रमाणक) मसुदा मागे घेण्यात आला, तरी लिनक्सने ती पद्धत स्वीकारली. ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने ती लावतात.