प्रिंटर मराठी का विसरतो?

पावसात लाइट जाऊन आली की जुना पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा) समजणारा लेझर प्रिंटर अचानक मराठी विसरतो. सकाळी नीट छापलेली लग्नपत्रिका दुपारी रोमन अक्षरांची खिचडी होऊन बाहेर येते. मग कोणी म्हणतं व्हायरस, कोणी म्हणतं दृष्ट. कुडाळ-सावंतवाडीकडे अशा यंत्रावर लिंबू-मिरची दिसली तर नवल वाटायला नको. ती आधी उतरवा. आत तापलेला रोलर असतो, लिंबाचा रस तिथे नको.

‘फॉन्ट कॉम्प्युटरात असतो, प्रिंटर नुसता शाई ओढतो’ हा समज इथे आड येतो. १९८५ च्या ॲपल लेझररायटरमध्ये स्वतःचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर आणि दीड एमबी रॅम होती. त्या वेळच्या मॅकिंटॉशपेक्षा जास्त! पण ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) एक ए-फोर पान म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके, म्हणजेच जवळपास एक एमबी. उरलेल्या जागेत फॉन्ट किती मावणार? आणि जे मावले, ते वीज जाताच पुसले जाणार. म्हणून १९८८ च्या लेझररायटर II एनटीएक्सला स्कझी (तेव्हाची डिस्क जोडायची पद्धत) केबलने हार्ड डिस्क जोडायची सोय आली. डिस्कवरचे फॉन्ट वीज गेली तरी राहतात.

आता गंमत बघा. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रामिंग भाषा आहे. पानावर अक्षर हवं असेल तेव्हा प्रोग्राम ‘फाइंडफॉन्ट’ म्हणतो. प्रिंटर आधी रॅममधला ‘फॉन्टडिरेक्टरी’ हा कोश चाळतो. तिथे नाव नसेल तर कायमच्या साठ्यात, म्हणजे डिस्कच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात शोधतो. तिथेही नसेल तर बरेच प्रिंटर तक्रार न करता कुरियर हा टाइपरायटरसारखा रोमन फॉन्ट पुढे करतात. जुन्या मराठी फॉन्टांत अक्षरं रोमनच्याच क्रमांकांवर बसवलेली असत. क्रमांक ६५ ला मराठी फॉन्टमध्ये एखादा देवनागरी तुकडा, कुरियरमध्ये मात्र कॅपिटल ए. मजकूर तोच राहतो, क्रमांकाला चित्र जोडणारं कोष्टक तेवढं बदलतं. खिचडी होते ती अशी.

मग डिस्कवर नेमकं काय आहे, हे कसं कळणार? पुष्कळ जण ‘फॉन्टडिरेक्टरी’चीच यादी छापतात आणि ‘डिस्क रिकामी’ म्हणून मोकळे होतात. त्या कोशात फक्त प्रिंटरच्या मेमरीत आलेले फॉन्ट असतात. डिस्कवरचा फॉन्ट एकदा मागितल्याशिवाय तिथे उमटतच नाही. खरी यादी हवी तर ‘फाइलनेमफॉरऑल’ हा ऑपरेटर (म्हणजे आज्ञा) वापरायचा. त्याला तीन गोष्टी लागतात: ‘फॉन्ट्स/’ पुढे तारा (*) असा नमुना, प्रत्येक नावाचं काय करायचं ती प्रक्रिया, आणि नाव तात्पुरतं धरायला पुरेशा लांबीची एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांसाठी राखलेली जागा. ऑपरेटर शेवटी लिहायचा, कारण ही भाषा स्टॅकवर चालते, म्हणजे आधी लागणाऱ्या गोष्टी रचायच्या, मग क्रिया सांगायची. बेरीजही ‘३ ४ ॲड’ अशी. पोस्टस्क्रिप्टची लेव्हल २ ही पुढची आवृत्ती असलेल्या प्रिंटरवर ‘रिसोर्सफॉरऑल’ हा आणखी सुटसुटीत. अशी चार ओळींची फाइल ड्रायव्हर टाळून थेट पोर्टवर पाठवायची. नावं कागदावर हवी असतील तर शेवटी ‘शोपेज’ विसरू नका, नाहीतर पानच बाहेर येणार नाही.

यादीत नाव दिसतंय आणि तरी कुरियरच येतोय, तर स्पेलिंग बघा. पोस्टस्क्रिप्टला स्मॉल आणि कॅपिटल अक्षरं वेगळी वाटतात, आणि मेनूतलं नाव बहुधा आतल्या नावापेक्षा वेगळं असतं.