ऱ्हाईन खोऱ्यातील रासायनिक प्रदूषणाचे नियंत्रण

आल्प्समध्ये उगम पावून नेदर्लंड्समध्ये उत्तर समुद्राला मिळणाऱ्या ऱ्हाईन नदीत कारखान्यांतून येणारी विषारी द्रव्ये कमी करण्यासाठी काठच्या देशांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालवलेला संयुक्त उपक्रम. नदीची लांबी सुमारे १,२३० किमी. असून सुमारे ३ कोटी लोकांचे पिण्याचे पाणी तिच्यावर अवलंबून आहे.

स्वित्झर्लंडमधील बाझेल आणि जर्मनीतील लुडविग्सहाफेन, लेव्हरकूझेन येथील रसायनउद्योग वरच्या अंगाला आणि नेदर्लंड्स शेवटच्या टोकाला, त्यामुळे तक्रारीचा सूर प्रथम डचांनी लावला. रॉटरडॅम बंदरातून उपसलेला गाळ जड धातूंमुळे समुद्रात टाकण्याजोगा उरला नव्हता; त्यासाठी वेगळा साठवण-तलाव बांधावा लागला. १९५० मध्ये ऱ्हाईनच्या संरक्षणासाठी काठच्या देशांचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला व १९६३ च्या बर्न कराराने त्याला कायदेशीर आधार मिळाला. १९७६ च्या रसायन करारानुसार एकेका द्रव्याची मर्यादा वाटाघाटींनी ठरवायची होती. हे काम अर्थातच रेंगाळले. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांमुळे पाण्यातील प्राणवायू मात्र वाढू लागला होता.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ श्वाइझरहाले येथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेले हजारो घनमीटर पाणी कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगे घेऊन थेट नदीत उतरले, कारण ते अडवायला हौदच नव्हता. रंगद्रव्यामुळे पाणी लाल झाले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. रोजच्या सांडपाण्यावर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेने गोदामातल्या साठ्याचा विचारच केला नव्हता, हे या आगीने उघडे पाडले.

१९८७ च्या ऱ्हाईन कृती कार्यक्रमात प्रमुख विषारी द्रव्यांचे प्रमाण १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे, तसेच २००० पर्यंत सॅमन मासा परत आणण्याचे ठरले. मासा हेच उद्दिष्ट ठेवण्यात मोठे शहाणपण होते, कारण सॅमन परतला की नाही हे कोणालाही समजते. कारखान्यांनी आगीचे पाणी अडवणारे हौद बांधले. बाझेललगतच्या व्हाईल आम ऱ्हाईन येथील पाणी-तपासणी केंद्रात पात्राच्या रुंदीत पाच ठिकाणांहून पाणी ओढून तपासले जाते, कारण एका काठाने सोडलेले द्रव्य दुसऱ्या काठापर्यंत लगेच मिसळत नाही. संशयास्पद द्रव्य आढळताच खालच्या पाणीपुरवठा केंद्रांना इशारा जातो.

कारखान्यांच्या नळांतून येणाऱ्या बहुतेक द्रव्यांबाबत उद्दिष्ट गाठले गेले. शेतांतून झिरपणारा नायट्रोजन मात्र दाद देईना. १९९० मध्ये झीग या उपनदीत परतलेला सॅमन आढळला, तरी त्याची संख्या आजही सोडलेल्या पिलांवर अवलंबून आहे. ‘ऱ्हाईन २०४०’ कार्यक्रमाचा रोख आता औषधांच्या अंशांसारख्या सूक्ष्म प्रदूषकांवर असून त्यांचे प्रमाण २०४० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी घटवायचे आहे.