तिसऱ्यातून दुसरा टाकताना

माळशेज घाट उतरताना माझ्या मामेभावाची पिकअप किंचाळते. मागे नारायणगावात भरलेले टोमॅटोचे क्रेट, पुढे कल्याणचा बाजार गाठायची घाई. वळणाआधी तो तिसऱ्यातून दुसरा टाकतो आणि गिअरच्या दांड्याखालून 'कर्रर्र' येतं, जात्यात खडा सापडल्यासारखं. परवा मी शेजारी बसलो होतो, तर दांड्याची थरथर त्याच्या मनगटापर्यंत दिसली. "दादा, दुसऱ्यातून तिसरा टाकताना बघ, लोण्यासारखा पडतो. खाली घेतानाच ओरडतंय मेलं." घरच्यांच्या मते गाडीला नजर लागलीय, म्हणून बंपरला दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची. आता गिअर वर चाललाय की खाली, हे लिंबाला कळायचं काही कारण नाही. आवाजाला मात्र ते पक्कं कळतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

गिअर टाकला म्हणजे एक दातेरी चाक सरकून दुसऱ्यात अडकलं, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या गाड्यांत तसंच व्हायचं. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जायच्या सगळ्या गिअरची चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. पण मुख्य शाफ्टवरची चाकं त्या शाफ्टवर मोकळी फिरतात, मनगटावर बांगडी फिरावी तशी. गिअर टाकणं म्हणजे त्यातलं एक मोकळं चाक शाफ्टशी जखडणं. हे काम स्लीव्ह करते. ते आतून दाते असलेलं एक कडं. शाफ्टबरोबर फिरतं आणि सरकून चाकाच्या कडेच्या बारीक दात्यांवर चढतं. कर्रर्र वाजतात ते हे बारीक दाते.

आता थोडे आकडे. समजा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे मुख्य शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे ते, १.४ आहे आणि दुसऱ्याचं २.२, पाच गिअरच्या गाडीत साधारण असे आकडे असतात. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतंय. तिसऱ्यात असताना मुख्य शाफ्ट, म्हणजे जो शेवटी मागच्या चाकांना फिरवतो तो, २,००० भागिले १.४, म्हणजे साधारण १,४३० फेरे घेतो. त्याच वेळी दुसऱ्या गिअरचं मोकळं चाक २,००० भागिले २.२, म्हणजे ९१० फेऱ्यांनी रेंगाळत असतं. दुसरा टाकायचा तर ९१० वर असलेल्या चाकाला १,४३० वर आणलं पाहिजे. गाडी टनावारी वजनाची; ती काही त्या चाकासाठी हळू होणार नाही. धावायचं चाकानंच, सुटलेली लोकल पकडणाऱ्या माणसासारखं. वेग जुळला तर पाय अलगद फूटबोर्डवर, नाही जुळला तर फरफट.

आणि हे चाक एकटं धावत नाही. क्लच दाबल्यावर इंजिन सुटं होतं, पण क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट (इंजिनाचे फेरे गिअरबॉक्समध्ये आणणारा), काउंटर शाफ्ट (ते मोकळ्या चाकांपर्यंत पोचवणारा) आणि त्यावर गुंतलेली सगळी चाकं याच्याबरोबर फिरत असतात. त्या सगळ्या वरातीचा वेग दीडपटीहून जास्त वाढवायचा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळपास अडीचपट, आणि तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. वर टाकताना उलटं असतं. वरातीला हळू करायचं असतं आणि गिअरबॉक्समधलं घट्ट तेल ते काम फुकटात करतं. खाली घेताना तेच तेल पाय ओढतं. म्हणून झिजलेला गिअरबॉक्स आधी उतरत्या गिअरला बोलतो, आणि थंडीतल्या पहाटे, तेल गार असताना, जास्त बोलतो.

वेग जुळवणारी वस्तू म्हणजे सिंक्रो रिंग. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं अर्ल थॉम्पसन यांची ही सिंक्रोमेशची कल्पना गाडीत आणली. पुढे त्याच थॉम्पसन यांनी हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामाचं नेतृत्व केलं. आज बऱ्याच गाड्यांत दिसते ती रिंग तळहाताएवढी, पितळी, आतून किंचित निमुळती. चाकाच्या कडेलाही तसाच निमुळता पोलादी शंकू असतो. स्लीव्ह रिंगला ढकलते आणि रिंग शंकूवर चढते. उतार अवघा सहा-सात अंशांचा, त्यामुळे हाताच्या थोड्याशा जोरावर जबरदस्त पकड येते. स्टीलचे पेले एकात एक अडकले की निघता निघत नाहीत, तोच हा पाचरीचा प्रकार. या घर्षणानं चाक ओढलं जातं आणि वेग जुळत जातो.

इथवर ही रिंग म्हणजे एक छोटा ब्रेकच. मला भुरळ पडते ती पुढच्या करामतीची. रिंगच्या बाहेरच्या कडेलाही दाते असतात, टोकं तासलेले. वेगात फरक आहे तोवर घर्षण रिंगला जरासं फिरवून धरतं, अगदी एखाद्या दात्याच्या अर्ध्या रुंदीएवढं. तेवढ्यानं तिचे दाते स्लीव्हच्या वाटेत आडवे येतात. तुम्ही दांडा आणखी जोरात रेटला, तर तासलेल्या टोकांवरून स्लीव्ह रिंगला बाजूला सारू पाहते. पण त्याच रेट्यानं शंकूवरची पकडही वाढते आणि रिंग तितक्याच ताकदीनं आडवी राहते. दोन्ही बळं एकाच हातातून येतात, आणि टोकांचा कोन असा निवडलेला असतो की पकड नेहमी जिंकावी. वेग जुळला की सरकणं थांबतं, रिंगला आडवं धरणारा पीळच उरत नाही, ती निमूट बाजूला होते आणि स्लीव्ह आत जाते. एसटी थांबेपर्यंत दार न उघडणारा कंडक्टर म्हणा. फक्त याला ना डोळे, ना सेन्सर, ना वीज.

रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे कोरलेले असतात. शंकूवरचा तेलाचा थर ते कापतात, म्हणून धातूला धातू लागतो. आटे झिजून सपाट झाले की रिंग तेलावरून घसरते, आडवी होत नाही, आणि कंडक्टर धावत्या गाडीचं दार उघडतो. कर्रर्र.

यात तेलाची मोठी पंचाईत आहे. त्यानं दाते आणि बेअरिंग गुळगुळीत ठेवायचे, पण रिंगला घसरू द्यायचं नाही. डिफरन्शियलसाठी, म्हणजे मागच्या आसातल्या गिअरसाठी, बनवलेलं जीएल-५ दर्जाचं तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं की बऱ्याचदा हा तोल बिघडतो. काही तेलांतली गंधकयुक्त द्रव्यं पितळालाही खातात. जीएल-४ लिहिलेलं असेल तिथे जीएल-४ च. 'गिअरबॉक्स नवा करा' म्हणत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचं मला नेहमी नवल वाटतं. झिजलेले आटे द्रवानं उगवत असते, तर दातांच्या डॉक्टरांनी दुकानं बंद केली असती.

खाली घेताना येणारा प्रत्येक आवाज रिंगचा नसतो. क्लच सोडताच एकच 'ठक्' झाला तर प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे) बघा. इंजिन गाडीला ओढायचं थांबून रोखू लागतं, तेव्हा सगळी ढिलाई एका बाजूची दुसऱ्या बाजूला आदळते. आणि गाडी उभी असताना रिव्हर्सही खरखरत असेल तर संशय क्लचवर, तो पूर्ण सुटत नाहीये.

भावाला मी डबल क्लच मारायला लावलं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून दुसरा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यामुळे सगळी वरात इंजिनच वर उचलतं आणि रिंगला काम उरत नाही. मोरोशीकडे उतरेपर्यंत गाडी एकदाही ओरडली नाही, त्यामुळे दोष कुठे ते नक्की झालं. याआधी तो बऱ्याचदा काय करायचा? आवाज नको म्हणून भरल्या गाडीनं तिसऱ्यातच, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा. हे मात्र ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ब्रेक तापून ढिले पडले, की कर्रर्र कानाला गोड वाटेल.

पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स उतरवला. मिस्त्रीनं दुसऱ्या गिअरची रिंग शंकूवर बसवली, अंगठ्यानं दाबली आणि पिळली. ती गर्रकन फिरली. नवी रिंग तशीच बसवून पिळली, तर जागची हलेना. जुनी मी मागून घेतली. आतून नख फिरवलं, कुठेच अडलं नाही.