‘एरागॉन’ घरी नेण्याआधी
आमच्या सभासदांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्ट्या लागल्या की धरमपेठेतल्या आमच्या छोट्या वाचनालयात एका पुस्तकासाठी वहीत नावं लिहून ठेवावी लागतात, आणि त्याच पुस्तकावरून टेबलापाशी सगळ्यात जास्त वाद होतात. ते म्हणजे क्रिस्टोफर पाओलिनी यांचं ‘एरागॉन’. एक आई येते नि म्हणते, “ताई, पुढचे भाग असतील तर आजच द्या, पोरगा कूलरसमोरून उठूनच नाही राहिला.” दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा तीच कादंबरी माझ्यासमोर ठेवतो. “काकू, हे काहून ठेवलं तुम्ही? सगळं उचललेलं आहे न याच्यात.” दोघंही मनापासून बोलतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पालक मात्र मला एकच विचारतात, “मग चांगलं आहे की नाही?” उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापून प्रत्येक प्रतीत ठेवलं आहे.

गोष्ट फार न फोडता सांगते. पंधरा वर्षांचा एरागॉन डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात मामाकडे वाढतो आहे. शिकारीला गेलेला असताना त्याला एक गुळगुळीत निळा दगड सापडतो. तो देऊन घरासाठी मांस घ्यावं म्हणून तो खाटकाकडे जातो, पण सौदा होत नाही. पुढे तो दगड फुटतो आणि आतून ड्रॅगनचं पिल्लू बाहेर येतं. तीच साफिरा. तिच्यामागे राजाचे लोक येतात, मामाच्या घरावर संकट येतं आणि गावात गोष्टी सांगणारा एक म्हातारा, ब्रॉम, एरागॉनबरोबर वाटेला लागतो. पाचशेच्या आसपास पानं आहेत. आमच्याकडे दोन इंग्रजी प्रती आहेत.

वादाचं मूळ

नाराज वाचकांची मुख्य तक्रार अशी की हे सगळं आधी कुठेतरी येऊन गेलेलं आहे. ती तक्रार नीट समजून घ्यायला हवी, कारण ती करणारी मुलं बहुधा आमची सगळ्यात जास्त वाचणारी मुलं असतात. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला १९७७ साली. त्यातही नातलगाच्या शेतावर वाढलेला मुलगा आहे, साम्राज्याचे लोक शोधत असलेली वस्तू त्याच्या हाती लागते, आता नामशेष झालेल्या योद्ध्यांच्या परंपरेतला एक म्हातारा त्याला शिकवतो, कैदेतल्या तरुणीची सुटका आहे आणि बंडखोरांचा तळही आहे. माणूस आणि ड्रॅगन मनातल्या मनात बोलतात, तशी जोडी अ‍ॅन मॅकॅफ्री यांनी ‘ड्रॅगनफ्लाइट’ या कादंबरीत १९६८ मध्येच रंगवली होती. एखाद्या वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते, ही कल्पना त्याच वर्षी उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत होती. आणि दीर्घायुषी एल्फ, डोंगराच्या पोटात राहणारे बुटके, जुन्या भाषेतली नावं हे सगळं टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत १९५४-५५ मध्ये लिहून ठेवलं आहे. ज्याने यातलं काही आधी वाचलं-पाहिलं आहे, त्याला ‘एरागॉन’च्या शंभराव्या पानावर दोनशेवं पान दिसायला लागतं. अशा मुलाला “तू उगाच नावं ठेवतोस” म्हणणं बरोबर नाही. त्याला पूर्ण गोष्ट दिसते आहे, आणि ते त्याच्या वाचनामुळेच.

यावर आमच्याकडे एकदा छान जुंपली होती. एक निवृत्त मास्तर आमचे जुने सभासद आहेत. ते त्या दहावीच्या मुलाला म्हणाले, “रामनवमीच्या कीर्तनाला जातोस, तेव्हा पुढे काय होणार हे माहीत नसतं का तुला? तरी बसतोसच ना शेवटपर्यंत?” मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, “पण आजोबा, बुवा कधी असं नाही म्हणत की रामायण मी लिहिलं.” मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, सगळ्या वादाचं मर्म या दोन वाक्यांत आहे. तीच गोष्ट पुन्हा सांगणं आपल्याला मुळीच परकं नाही. खटकतं ते मूळ कोणाचं हे न कळणं. पाओलिनींच्या बाजूने एवढं सांगायला हवं की आपण कोणाचं वाचून वाढलो हे त्यांनी लपवलेलं नाही. ज्या वाचकाला हे माहीत असतं, त्याचा राग बराच निवळतो, असा माझा अनुभव आहे.

वयाचा मुद्दा

“पंधराव्या वर्षी लिहिलं” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यातला खरा भाग असा. पाओलिनींचा जन्म १९८३ चा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ते आईवडिलांकडे घरीच शिकले, पंधराव्या वर्षी शालेय शिक्षण पूर्ण केलं आणि लिहायला बसले. पहिला खर्डा झाल्यावर तो बाजूला सारून पुन्हा लिहिला. आईवडिलांनीच घरच्या छोट्या प्रकाशनातर्फे २००२ मध्ये पुस्तक काढलं. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा आणि आतला नकाशा लेखकाने स्वतः काढला. मग सगळं कुटुंब शाळाशाळांतून, ग्रंथालयांतून फिरलं. हा मुलगा मध्ययुगीन वेश घालून उभा राहायचा, पुस्तकाबद्दल बोलायचा, प्रती विकायचा. कार्ल हायासेन या कादंबरीकाराच्या सावत्र मुलाने ते वाचलं, त्याला ते आवडलं, हायासेननी ‘नॉफ’ या मोठ्या प्रकाशनाला सांगितलं आणि ऑगस्ट २००३ मध्ये नवी आवृत्ती बाजारात आली. पुस्तकं उचलून दारोदार नेणं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे हा भाग सांगताना माझा आवाज थोडा बदलतो.

पण वय हे पुस्तकाच्या दोषांवर पांघरूण घालायला वापरू नये. टेबलावरच्या चर्चेत वयाचा विषय निघाला की कोणीतरी ज्ञानेश्वरीची आठवण काढतंच. बाराशे नव्वदचा तो ग्रंथ माउलींनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी सांगितला. ती तुलना मी करू देत नाही, एवढ्या उंचीशी कोणालाच मोजू नये. मला एवढंच वाटतं की वाचणाऱ्याने पुस्तक पुस्तक म्हणून तोलावं. मात्र घरात वहीत काही लिहिणारं, नकाशे काढणारं मूल असेल, तर या लेखकाचं वय त्याला जरूर सांगा. तिथे ते कामाला येतं.

भाषा

भाषेबद्दलची तक्रार मला पटते. विशेषणांची गर्दी आहे. सूर्य मावळतो तेव्हा तो नुसता मावळत नाही, चार ओळी घेतो. प्रवास लांबतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही शब्द अडतात आणि मराठी माध्यमातल्या मुलांना तर पहिली पन्नास पानं चढण वाटते. त्यात परकी नावं. नकाशा सुरुवातीला आहे आणि जुन्या भाषेतल्या शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत, हे बऱ्याच मुलांना पुस्तक संपल्यावर कळतं. म्हणून देतानाच आम्ही ती पानं उघडून दाखवतो.

आणि तरीही मुलं का वाचतात

आमची जुनी प्रत कधी हातात घेऊन तिची कडा बघा. खाकी पुठ्ठा, कण्याला दोनदा लावलेली चिकटपट्टी. पुस्तक मिटून कडेने पाहिलं की बोटांचे डाग लागून कडा कुठे काळवंडली आहे ते दिसतं. सुरुवातीची पानं काळी आहेत, मधे प्रवासाच्या भागात कडा थोडी उजळ आहे, म्हणजे तिथे काही जणांनी पुस्तक सोडलं. आणि शेवटाकडे पुन्हा काळी. जे मधला पट्टा ओलांडतात, ते शेवटपर्यंत जातात. पण सगळ्यात मळलेली पानं कोणती, तर साफिरा अंड्यातून बाहेर येते तिथपासून एरागॉन पहिल्यांदा तिच्या पाठीवर बसतो तिथपर्यंतची. त्या उड्डाणात गंमत अशी काहीच नाही. खोगीर नाही, तिच्या खवल्यांनी त्याच्या मांड्या सोलून निघतात, उतरल्यावर त्याला धड चालता येत नाही. एका सहावीच्या मुलीने मला हे सांगताना स्वतःचे गुडघे चोळले होते. “काकू, त्याला खरंच लागलं ना.” तान्ह्या पोळ्याला आपला लाकडी बैल दुसऱ्याच्या हाती न देणारी मुलं आपण पाहतो. साफिरा त्यांना तशी वाटते, फक्त ही लाकडी बैलासारखी मुकी नाही; ती बोलते, रुसते, एरागॉनला रागावतेही. उचललेल्या कथानकाचा आरोप इथे लागू पडत नाही, असं मला ठामपणे वाटतं. ही माया लेखकाची स्वतःची आहे.

दुसरी गोष्ट जादूची. या पुस्तकात मंत्र फुकट नाही. दगड हाताने उचलायला जेवढी ताकद लागेल, तेवढीच मंत्राने उचलायलाही लागते, आणि पेलण्यापेक्षा मोठं काम अंगावर घेतलं तर जीव जाऊ शकतो. हिशेब आवडणाऱ्या मुलांना हे फार पटतं. तसंच मंत्रांच्या प्राचीन भाषेत खोटं बोलता येत नाही. पहिल्या भागात एरागॉन एका तान्ह्या मुलीला त्या भाषेत आशीर्वाद देतो. दुसऱ्या भागात कळतं की त्याच्याकडून शब्दाचं रूप चुकलं होतं: ‘संकटांपासून तुझं रक्षण होवो’ म्हणायचं होतं, म्हटलं गेलं ‘संकटांपुढे तू रक्षक हो’. एका प्रत्ययाची चूक आणि त्या बाळाचं आयुष्य बदललं. शुद्धलेखनावरून रोज ओरडा खाणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, आणि पहिला भाग बरा-बरा म्हणून सोडणाऱ्यांनाही. पुढे लेखक चांगला होत जातो, याचा हा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

कोणी न्यावं

साधारण सहावीपासून पुढे. त्याआधी नको, कारण यात मृत्यू आहे. प्रवासात एका ओस पडलेल्या गावात प्रेतांचा ढीग दिसतो, त्यात लहान मूलही आहे. ते पान हळव्या मुलांना रात्री त्रास देतं. तुमचं मूल तसं असेल तर आधी आम्हाला विचारा, आम्ही पान दाखवू. प्रेमप्रकरण किंवा शिवराळ भाषा अशी काळजी मात्र करण्याचं कारण नाही. वर सांगितलेलं टॉल्किन आणि ले ग्विन ज्यांचं आधीच वाचून झालं आहे, त्यांनी घाई करू नये. त्यांच्यासाठी कपाटात दुसरं पुष्कळ आहे. ड्रॅगनच्या वाट्याला पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलाने जरूर न्यावं.

२००६ चा चित्रपट पाहून आलेल्यांसाठी एक सूचना. त्यात साफिरा एका झेपेत मोठी होते. पुस्तकात ती महिन्यांनी वाढते, एरागॉन तिला मामापासून लपवून रानात ठेवतो, आणि आमच्या वाचकांना जे आवडतं ते नेमकं याच काळात घडतं. चित्रपट आवडला नाही म्हणून पुस्तक टाळू नका.

एक विनंती आहे, आणि ती माझ्याच चुकीतून आली आहे. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा हे पुस्तक घेत होता. मी नोंद करता करता बोलून गेले, “यातलं बरंच दुसरीकडून घेतलेलं आहे हं.” चौथ्या दिवशी त्याने पुस्तक परत आणलं. अर्धवट. “तुम्हीच म्हणालात ना,” म्हणाला. त्याने वर सांगितलेल्यांपैकी काहीच वाचलेलं नव्हतं. त्याच्यासाठी ती गोष्ट कोरी होती आणि मी ती शिळी करून त्याच्या हातात दिली. तेव्हापासून मी ठरवलं आहे, पुस्तक संपेपर्यंत मुलाला आपलं मत सांगायचं नाही. घरच्या मोठ्यांनाही हेच सांगणं आहे. मूल शेवटच्या पानापर्यंत पोचू द्या. मग त्याला ‘स्टार वॉर्स’ दाखवा, ती जुनी पुस्तकं द्या, आणि कुठे काय सारखं आहे ते त्यालाच शोधू द्या. दोन मुलांनी तशी यादी करून मला आणून दिली आहे. ती काउंटरच्या काचेखाली लावली आहे, पुस्तक वाचून झालेल्यांनीच बघावी.

मूळ मालिका चार भागांची आहे: ‘एरागॉन’नंतर ‘एल्डेस्ट’ २००५, ‘ब्रिसिंगर’ २००८ आणि ‘इनहेरिटन्स’ २०११. तीनच भाग ठरले होते, तिसरा आवरेना म्हणून चौथा झाला. त्याच जगातलं ‘मर्टाग’ २०२३ मध्ये आलं. ते चारही भाग झाल्यावरच वाचावं.

इतर पुस्तकांसाठी आमची मुदत १५ दिवसांची आहे, ‘एरागॉन’साठी एक महिना. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा मे महिन्यात नेलेलं पुस्तक घाईघाईने परत आणू नका. दोन्ही प्रती बाहेर असतील तर वहीत नाव लिहून जा. जुन्या प्रतीतलं नकाशाचं पान सुटं झालं आहे. ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून मागच्या पुठ्ठ्याला आतून लावलं आहे. परत देताना ते जागेवर आहे ना, एवढं बघून घ्या.