जुन्या पान्यावरचा आकडा नेमका कशाचा?

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारली की गोणपाटावर मांडलेले गंजके पाने हमखास दिसतात. एखाद्यावर ‘1/4 डब्ल्यू’ असा ठसा असतो. पाव इंच म्हणजे दोन सूत, असा हिशेब करून व्हर्नियर (बारीक मोजमापाचा कॅलिपर) लावला, तर जबडा भरतो 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिमी! ठसा चुकलेला नसतो. तो आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या जाडीचा आहे.

ठशातला ‘डब्ल्यू’ व्हिटवर्थचा. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने 1841 मध्ये आट्यांची मापं ठरवून दिली. आट्याचा कोन 55 अंश, पाव इंची बोल्टला इंचामागे 20 आटे, असं प्रत्येक जाडीला बांधून दिलेलं. बोल्ट केवढा ते कळलं की पाना कुठला ते आपोआप ठरे. पुढे बारीक आट्यांचा बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आला. त्याचं डोकं एक माप लहान, त्यामुळे 1/4 डब्ल्यूचा पाना 5/16 बीएसएफला बसतो आणि कित्येक पान्यांवर दोन्ही ठसे सापडतात. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला व्हिटवर्थ बोल्टचं डोकंही तेवढंच लहान केलं गेलं. म्हणून युद्धाआधीचा पाना घेतला, तर नंतरच्या बोल्टला एका मापाने चुकतो. जुनी बुलेट खोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावंच.

‘चौदाचा लावू, चालतंय’ हा मोह मात्र फार महागात पडतो. 13.3 च्या डोक्यावर 14 चा जबडा चढवला की फटीमुळे पाना पाच अंशांहून जास्त मोकळा फिरतो आणि मगच पकडतो. तोवर सपाट बाजू सुटलेली असते. सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो, ते चेपतात आणि बोल्ट गोल होतो. 13 चा तर चढतच नाही.

‘एएफ’ (अक्रॉस फ्लॅट्स, समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर) ठसा असेल तर काम सोपं: 1/2 एएफ म्हणजे जबडाच अर्धा इंच, 12.7 मिमी. बीएचं (ब्रिटिश असोसिएशन, छोट्या स्क्रूंची मापं) गणित उलटं, आकडा वाढला की बोल्ट लहान. शून्य बीए 6 मिमीचा, दोन बीए 4.7 मिमीचा, प्रत्येक पायरीला आट्यांमधलं अंतर आधीच्या 0.9 पट होतं. मला ही रचना फार देखणी वाटते. पाइप पान्यावरचा 14 म्हणजे मात्र पान्याची लांबी, इंचांत.

अमेरिकी पान्यांवरचे तीन-चार आकडी क्रमांक बहुधा कंपनीच्या कॅटलॉगचे असतात, त्यांचा मापाशी थेट संबंध नाही. पेटंटची तारीख कोरलेली असली तर ती पेटंटचीच. पाना त्यानंतर कितीतरी वर्षांनी घडवलेला असू शकतो.

ठसा पुसट असेल तर ग्राइंडर अजिबात लावू नका, अक्षरं कायमची जातात. रॉकेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने घासा, कोरडा करून वर खडू फिरवा आणि हाताने हलकेच पुसा. खडू खाचांत राहतो, आकडे वाचता येतात.