पाय थिजतो तेव्हा जमिनीवरची एक रेघ

माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, पार्किन्सन होऊन सात वर्षं झाली. हॉलमधून ते बरे चालत येतात आणि स्वयंपाकघराच्या दारात अडकतात. टाच उचललेली, गुडघे थरथरतायत, पण पाऊल जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखं. पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "अप्पा, जरा जोर लावा की!" मला या वाक्याचा राग येतो. जोर कमी पडलेलाच नसतो. हेच अप्पा जिना विनातक्रार चढतात.

चालताना आपण पावलांचा विचार करत नाही. ते काम मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांच्या मदतीने आपोआप चालतं. त्यांना डोपामीन हे रसायन लागतं. पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि पाऊल केवढं टाकायचं, कधी टाकायचं, याचा अंदाज बिघडतो. पावलं आखूड होत होत शेवटी थांबतात.

आता उभं राहून एक पाय उचलून पाहा. पाय उचलण्याआधीच कंबर दुसऱ्या बाजूला सरकलेली असते, कारण आधी अंगाचा भार हलवावा लागतो. पाय थिजतो तेव्हा भार हलवणं आणि पाऊल उचलणं यांचा मेळ तुटतो. गुडघ्यांची ती थरथर, सेकंदाला 3 ते 8 वेळा होणारी, बरेच संशोधक भार हलवण्याचे फसलेले प्रयत्न मानतात. पाय जागीच आणि धड मात्र पुढे गेलेलं, म्हणून ही माणसं पुढे कोसळतात.

ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी 1967 मध्ये नोंदवलं, की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या तर असे रुग्ण चालू लागतात. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्याच हव्यात, पावलाएवढ्या अंतरावर आणि जमिनीहून वेगळ्या रंगाच्या. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी तर सपाट जमिनीवर जिन्याचा आभास निर्माण करणारं चित्र चिकटवलं, आणि त्यावरून त्यांचे काका न थांबता चालत गेले.

रेघेत एवढं काय आहे? 1999 मध्ये फ्रेंच संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. रेघा तशाच ठेवल्या, पण खोलीत झपझप उघडझाप करणारा स्ट्रोबोस्कोपचा प्रकाश लावला. त्या प्रकाशात रेघा दिसतात, पण त्या आपल्याकडे सरकताना जाणवत नाहीत. रेघांचा फायदा नाहीसा झाला! म्हणजे डोळ्यांपुढून जमीन मागे सरकत असल्याची जाणीव मेंदूला कामी येते. दृष्टीकडून मेंदूतल्या पार्श्व प्रीमोटर या हालचाली आखणाऱ्या भागाकडे जाणारा मार्ग बिघडलेल्या यंत्रणेला वळसा घालतो, असं मानलं जातं. दुसरा धागा लक्षाचा. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात मेग मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लांब पाऊल टाकण्यावर मन एकाग्र केलं तर रेघांशिवायही पाऊल लांब पडतं. सोबत दुसरं काम दिलं, की पुन्हा आखूड.

हा रोगावरचा इलाज नाही. युरोपात 153 रुग्णांवर झालेल्या 'रेस्क्यू' चाचणीत घरी तीन आठवडे पावलांना ताल देणाऱ्या बाहेरच्या इशाऱ्यांचा सराव दिल्यावर चाल थोडी सुधारली, पण सराव थांबल्यावर फायदा ओसरला. पडणं कमी करण्यासाठी तोलाचा व्यायामही लागतो. 2012 मध्ये अमेरिकेत 195 रुग्णांच्या चाचणीत ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणारे नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावण्यात किंवा 'पार्किन्सन मुळापासून बरा' छाप जाहिरातींत पैसे घालण्यात वेळ दवडू नका. न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या वेळेवर आणि फिजिओथेरपिस्ट नियमित, एवढं आधी सांभाळा.

आमच्या दारापुढे आता पिवळ्या चिकटपट्टीच्या चार आडव्या पट्ट्या आहेत. पाऊलभर अंतरावर, कडा नीट दाबलेल्या, कारण सुटलेली कड स्वतःच पाय अडकवते. सासूबाई पूर्वी अप्पा दारात आले की विचारायच्या, "अहो, चहा टाकू का?" आता अप्पा चौथी पट्टी ओलांडेपर्यंत त्या थांबतात आणि मगच विचारतात.